गाडीपुढची मोकळी जागा

माझ्या गाडीपुढे कायम एक गाडी मावेल एवढी जागा मोकळी असते आणि त्या जागेत अख्खं बडोदं घुसतं. आधी स्कूटरवाले घुसतात, मग रिक्षा, मग एखादा हातगाडीवाला, आणि तो तर असा ऐटीत हात दाखवून वळतो की जणू मी त्याच्यासाठीच जागा धरून ठेवली होती. बायको बाजूला कपाळाला हात लावून बसते. "अहो, असं सगळ्यांना पुढे घालत राहिलात तर आपण वासण्याला घरी पोचायचं सोडून मागे मागे गोरव्याला जाऊ," म्हणते. मागचा माणूस हॉर्न वाजवून जीव खातो. तो काय बोलतोय ते आरशात त्याच्या ओठांवरून कळतं, कारण गुजरातीत शिव्या कशा देतात ते मला चांगलं ठाऊक आहे. पण मी हलत नाही. घुसणाऱ्याला घुसू द्यायचं आणि त्याच्या मागे पुन्हा तेवढीच जागा सोडायची. बस.

हे वाचून मला कुणी थंड डोक्याचा माणूस समजू नये. माझे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, आजोबाही होते. फौज गेली, घोडे गेले, आवाज तेवढा आमच्या घरात राहिला. साधं मीठ मागायचं तरी शेजारी दचकतात. मी गोरव्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात तीसेक वर्षं काढली. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडचा तिकडे झाला की माल परत पाठवायचो आणि तो बनवणाऱ्याला चार शब्दही ऐकवायचो. आणि हाच मी संध्याकाळी घरी येताना पुढच्या रिक्षाच्या मागे वीतभर अंतर ठेवून गाडी हाकायचो. जितकं चिकटून जाऊ तितकं लवकर पोचू, अशी काहीतरी खुळी समजूत होती. दिवसभर मोजमाप करणाऱ्या माणसाला रस्त्यावर मोजायचं सुचू नये, आहे की नाही कमाल!

आता मोजतो. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला लागायचं, आणि आपण त्या खांबाशी पोचेपर्यंत दोन आकडे पुरे व्हायला हवेत. नुसतं एक-दोन म्हटलं तर घाईत माणूस स्वतःलाच फसवतो, म्हणून मी "एक शेव-उसळ, दोन शेव-उसळ" असं म्हणतो. बडोद्याच्या माणसाला शेव-उसळ घाईत म्हणता येत नाही, तोंडाला पाणी सुटतं. रस्ता ओला असला की चार प्लेटी. रिक्षाच्या मागच्या दिव्यावर मी भरवसा ठेवत नाही, तो लागला तर लागला. त्यापेक्षा रस्त्याच्या कडेला कुणी हात वर केलाय का ते बघतो, कारण तो हात दिसला की रिक्षा जागच्या जागी उभी राहणार, मग मागून हत्ती येत असला तरी. ब्रेक दाबायच्या आधी मागे कोण चिकटलंय ते आरशात बघतो. कुणी असेल तर पाय आधी हलकाच लावतो, म्हणजे आपले दिवे लागतात आणि त्यालाही वेळेवर समजतं. सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढा मागे थांबतो. आयुष्यात मागून कुणाला ठोकायचं नाही आणि कुणाला ठोकू द्यायचं नाही, एवढंच आता माझं ध्येय उरलंय म्हणा ना.

हे सगळं मला फार उशिरा आलं. अकरा वर्षं आधी आलं असतं तर माझी मुलगी आज गाडी चालवत असती.

मुलगी एकच. तेव्हा एकोणीस वर्षांची होती, फतेगंजला कॉलेजात जायची. गाडी शिकायची तिला भारी हौस. मी म्हटलं, क्लासबिस काही नको, मी शिकवतो. दर रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही दोघं छोटी पांढरी गाडी काढायचो. ती केस घट्ट बांधायची, सीट पुढे ओढायची, ओढणीच्या टोकाने स्टिअरिंग पुसायची आणि गाडीला म्हणायची, "चल गं बाई, आज तरी नीट चाल." जणू दोष गाडीचाच. पहिले काही रविवार ती चौथ्या गिअरच्या नावानेच घाबरायची. मी ओरडायचो, अर्थात ओरडायचोच, पण ते नेहमीचं ओरडणं होतं, तिला त्याचं काही वाटत नसे. उलट माझी नक्कल करायची. "क्लच! अगं क्लच! कुणी शिकवलं तुला!" असं माझ्याच आवाजात म्हणायची आणि दोघं हसायचो. परत येताना गरम फाफडा घ्यायचो आणि गाडीतच बसून खायचो. सीटवर तेलाचे डाग पडतात म्हणून बायकोने गाडीत खायला बंदी घातली होती. "आईला सांगायचं नाही हां, बाबा," ती म्हणायची आणि ओढणीने सीट झाडायची. त्या रविवारांसारखं मला आयुष्यात दुसरं काही मिळालेलं नाही. तेव्हा हे कळलं नाही, तेव्हा मी फक्त पेट्रोलचा काटा बघत होतो.

रविवारच्या त्या रस्त्यावर डाव्या हाताला गणपतीचं एक लहानसं देऊळ आहे. आमच्या घरात त्या देवळासमोरून नमस्कार न करता कुणी पुढे गेलेलं नाही. माझे वडील सायकलवरून जाताना पायडल थांबवून एक हात छातीशी न्यायचे. मी स्कूटरवर तेच करायचो, गाडी आल्यावर गाडीत तेच. हात छातीशी आणि डोळे क्षणभर मिटलेले. डोळे मिटले नाहीत तर तो नमस्कार कसला, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं, आणि मीही ते मुलीला ती दोन वर्षांची असल्यापासून सांगितलेलं. कडेवर घेऊन मीच तिच्या पापण्यांवर बोट ठेवायचो.

त्या रविवारी ती छान चालवत होती. फार छान. मी मनातल्या मनात खूश होतो, म्हणून एकदाही ओरडलो नव्हतो. पुढे एक रिक्षा होती आणि आम्ही तिच्या मागे चिकटून, जसं मी चालवायचो तसंच. जागा सोडायला मी तिला शिकवलंच नव्हतं, मला स्वतःलाच ते येत नव्हतं. देऊळ आलं. मी हात जोडले. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर, जशी हवी तशी.

"बाप्पाला नमस्कार कर गं," मी म्हणालो.

"आत्ता? बाबा, मी चालवतेय."

"मग काय झालं? एका हाताने कर. देवाला असं नुसतं ओलांडून जातात होय?"

तिने डावा हात उचलला, छातीशी नेला आणि डोळे मिटले. मीही मिटलेले होते. नेमक्या त्याच क्षणी देवळापाशी एका बाईने हात केला आणि रिक्षा थांबली.

आवाज फार मोठा नव्हता. धप्प असा, गच्चीवरून गादी पडल्यासारखा. आमचा समोरचा दिवा फुटला, रिक्षाचं मागचं अंग दबलं आणि रिक्षात बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंचा ओठ समोरच्या दांड्यावर आपटून फुटला. त्या पदर तोंडाला लावून खाली उतरल्या. पदर लाल झाला. लोक जमले. बडोद्यात रविवारी सकाळी पावणेसातलाही लोक कुठून जमतात देव जाणे.

मी उतरलो आणि ओरडलो. रिक्षावाल्यावर नाही, स्वतःवर तर नाहीच. मुलीवर. "आंधळी आहेस का? डोळे कुठे होते तुझे? हां? डोळे कुठे होते?" आधी मराठीत ओरडलो, मग जमलेल्या लोकांना कळावं म्हणून गुजरातीत ओरडलो. म्हणजे बघा, ती चूक कोणाची ते सगळ्यांना नीट समजावं याची मी काळजी घेतली. ती आतच बसून होती. हात पुन्हा स्टिअरिंगवर ठेवलेले, दोन्ही. घाबरून कुठलीतरी दांडी ओढली गेली असावी, कारण वायपर चालू झाला होता आणि कोरड्या काचेवर करकरत इकडून तिकडे जात होता. ओठ फुटलेल्या त्या म्हाताऱ्या बाई पदराआडून म्हणाल्या, "छोकरीने ना वढो, भाई." पोरीला रागवू नका. ज्यांना लागलं त्याच सांगत होत्या. मी त्यांनाही म्हटलं, तुम्ही मध्ये पडू नका.

माझ्या तोंडून "नमस्कार कर" हे शब्द येऊन मिनिटसुद्धा झालं नव्हतं. मला आठवत होते. न आठवायला मी काय बेशुद्ध होतो?

घरी आलो. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली, फुटलेला दिवा तिने गॅलरीतून बघितला होता. "काय झालं हो?" मी म्हणालो, "काय होणार? पुढे बघतच नव्हती. लक्ष कुठे होतं कोणास ठाऊक." मुलगी तिथेच दारापाशी उभी होती. तिने बेसिनवर जाऊन हात धुतले, बराच वेळ धुतले, आणि आपल्या खोलीत गेली.

पुढच्या रविवारी मी चावी घेऊन तिच्या खोलीशी गेलो. "चल, दिवा बदलून घेतलाय." ती म्हणाली, "अभ्यास आहे, बाबा." त्याच्या पुढच्या रविवारीही अभ्यास होता. नंतर मी विचारणं सोडलं. ती गाडीत बसायची तेव्हा मागे बसायला लागली, आई नसली तरी मागे. पुढची सीट रिकामी आणि मी आपला ड्रायव्हर. चिडून एकदा म्हणालोही, "मला टोपी आणून दे, म्हणजे शोभेल." ती हसली नाही.

गाडी ज्याच्याकडे ठोकून सरळ करायला दिली तो गोरव्याचा गॅरेजवाला माझ्या ओळखीचा. पत्रा बघून त्याला सगळं कळलं. "काका, आगळनी गाडी ना जुओ, एनी आगळनी जुओ," म्हणाला. पुढची गाडी बघू नका, तिच्याही पुढची बघा. पुढचा रिक्षावाला कधी थांबणार हे त्याच्या दिव्यावरून नाही, त्याच्या पुढे काय चाललंय त्यावरून कळतं, आणि ते दिसायला हवं असेल तर मागे राहावं लागतं. जागा सोडायची, मोजायची, हे सगळं त्याने तिथे हातोडी चालवत चालवत सांगितलं. मी तोंड वासून ऐकत होतो. तेव्हापासून मी ते धरलं. आणि त्या देवळासमोर गाडीत कधी हात जोडले नाहीत. वाटलंच तर गाडी कडेला लावतो, उतरतो, चपला काढतो आणि रीतसर नमस्कार करतो.

पण मुलीला काही म्हणालो नाही. म्हणणार होतो. दहावेळा म्हणणार होतो. ती कॅनडाला शिकायला गेली तेव्हा विमानतळावर म्हणणार होतो, तिथे तिची आई रडत होती म्हणून राहिलं. फोनवर म्हणणार होतो, पण फोनवर अशा गोष्टी बोलतात का, असं वाटून राहिलं. खरं सांगायचं तर जीभ उचलत नव्हती. माणसांवर ओरडायला जी जीभ एवढी तयार, ती चार साध्या शब्दांना का अडते कळत नाही.

ती तिथेच नोकरीला लागली, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. गाव लहान, बस तासाला एक. तिथे सगळे गाडी चालवतात आणि आमची मुलगी गुडघाभर बर्फात दुधाचा कॅन आणि बटाट्याची पिशवी घेऊन बसथांब्यावर उभी राहते. हे मला बायकोने सांगितलं. मुलगी मला हवामान सांगते, आईला खरं सांगते. बायको प्रत्येक फोनच्या शेवटी तिला बजावायची, "रस्त्याने जाताना लक्ष ठेवून जा गं, तुझं लक्ष नसतं." दर वेळी, न चुकता. मी बाजूला बसून पेपर वाचत असायचो. वाचत काय, अक्षरं बघत असायचो.

या जानेवारीत ती तीन आठवड्यांसाठी आली, उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, आधी. आल्यावर दुसऱ्याच दिवशी बायकोने मला गच्चीत गाठलं. "तिला दुसऱ्या गावी चांगली जागा मिळतेय. आत्ताच्यापेक्षा किती तरी चांगली. पण तिथे बस जात नाही, गाडी चालवता यायला हवी. ती नाही म्हणून कळवणार आहे, महिनाअखेरपर्यंत. तुम्ही तिला शिकवा. तीन आठवडे आहेत. तेव्हा झालं ते झालं, पोरीची चूक झाली, आता किती वर्षं धरून बसणार?"

पोरीची चूक. मी नुसतं "हं" केलं.

मला हवंच होतं, बायकोने सांगायची गरज नव्हती. गेली अकरा वर्षं मला हेच हवं होतं. तिने एकदा सीट पुढे ओढून बसावं आणि मी बाजूला बसावं. रविवार नसला तरी चालेल. फतेगंजच्या रस्त्याने एखाद्या गाडीच्या काचेआड कुणी मुलगी केस बांधून ताठ बसलेली दिसली आणि बाजूला तिचा बाप, की मी दोन शेव-उसळीचे चार करून मागे राहतो, त्यांच्याकडे बघत. आणि आता तर तिच्या नोकरीचा प्रश्न होता. मी जेवताना म्हटलं, "उद्या सकाळी रस्ता मोकळा असतो. चल, हात साफ करून घे."

"नको, बाबा," ती म्हणाली. रागाने नाही. आमटी नको म्हणतात तसं.

दोन दिवसांनी तिला विद्यापीठातून कसलेसे दाखले हवे होते. मी म्हटलं, मी सोडतो. ती मागे बसली. उत्तरायणाचे दिवस, स्कूटरवाल्यांनी मांज्यापासून वाचायला पुढे तारा लावलेल्या, आणि चांगली मिशा फुटलेली माणसं कटलेल्या पतंगामागे वर बघत रस्त्यात येत होती. मी माझ्या पद्धतीने चाललो होतो. थोड्या वेळाने मागून आवाज आला.

"बाबा, काय पुटपुटताय?"

"काही नाही. मोजतोय."

"काय?"

"शेव-उसळ."

मग सगळं सांगावं लागलं. खांब, दोन प्लेटी, ओल्या रस्त्याला चार. ती हसली. मोठ्याने हसली, अकरा वर्षांपूर्वी हसायची तशी. तेवढ्यात एक स्कूटरवाला डावीकडून सुळकन पुढे घुसला आणि घुसून थांबला, का तर त्याला पतंग बघायचा होता. मी थांबलो. मध्ये एक म्हैस उभी राहिली असती एवढी जागा होती.

"तुम्ही ओरडला नाहीत," ती म्हणाली.

"काय ओरडायचं? जागा होती की."

पुढे देऊळ आलं. आम्ही त्याच्यासमोरून गेलो. माझे हात स्टिअरिंगवरच राहिले.

"नमस्कार नाही केलात?"

"चालवताना नाही करत."

"कधीपासून?"

"तेव्हापासून."

मी आरशात बघितलं, मागे कुणी नव्हतं, गाडी कडेला घेतली आणि बंद केली. मागे वळून बघायचं धाडस होईना, म्हणून समोरच्या काचेशीच बोललो. "चूक माझी होती गं. तू चालवत होतीस, नीट चालवत होतीस, मीच म्हणालो नमस्कार कर. आणि मीच सगळ्यांदेखत तुला विचारलं, डोळे कुठे होते. मला ठाऊक होतं कुठे होते. ते मीच तुला मिटायला शिकवले होते." आवाज माझा नव्हताच, कुठल्यातरी आजारी माणसाचा होता. "मी चुकलो. तुझ्याशी फार वाईट वागलो."

बाजूने गाड्या जात होत्या.

"ओरडलात ना, त्याचं मला इतकं नव्हतं वाटलं," ती म्हणाली. "तुम्ही ओरडताच. पण घरी आल्यावर आईने विचारलं, आणि तुम्ही सांगितलंत माझं लक्ष नव्हतं म्हणून, आणि मग माझ्याकडे बघितलंत. आठवतं?"

नव्हतं आठवत. खरंच नव्हतं. तिने सांगितल्यावर आठवलं.

"तुम्ही असं बघितलंत की, बोलू नकोस. तुम्हाला माझी भीती वाटली, बाबा. मी काय सांगणार होते का आईला? तुम्ही नुसतं खोलीत येऊन म्हणाला असतात ना, की अगं, आपण दोघांनी घोळ घातला, तरी मी पुढच्या रविवारी आले असते. मी वाट बघत होते. दोन रविवार बघितली." मग थोडं थांबून म्हणाली, "त्या दिवशी मला कळलं, की गाडीत मी एकटीच होते."

तिने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. तसाच ठेवला, थोपटला वगैरे नाही. मग म्हणाली, "चला, ऑफिस बंद होईल."

"तू चालवतेस?" मी विचारलं. निर्लज्जपणे विचारलं. एवढं बोलून झालं, आता उतरेल आणि पुढे येईल, अशी आशा होती.

"नाही, बाबा. आता नाही होणार," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी मी बायकोला सांगितलं. मुलीच्या समोर, त्याच दारापाशी उभं राहून. बायको ऐकत राहिली. मला वाटलं आता भांडेल. ती भांडली नाही. मुलीकडे वळून म्हणाली, "आणि मी तुला दर फोनवर सांगत राहिले गं, लक्ष ठेव, लक्ष ठेव." आणि तोंडाला पदर लावून बसून राहिली. पुढचे दोन दिवस माझ्याशी एक शब्द नाही. ताट आदळायची तेवढा काय तो आवाज. तेही मी मुकाट्याने जेवलो, मला तेवढं मिळायलाच हवं होतं.

जायच्या दिवशी मुलगी पुढे बसली, माझ्या बाजूला. मला वाटलं जीवच जाईल आनंदाने. विमानतळापर्यंत आम्ही दोघं मिळून रस्ता बघत होतो. "तो हात करतोय, बाबा, रिक्षा थांबणार," ती म्हणायची, आणि रिक्षा थांबायची. इतकं अचूक बघत होती. इतका चांगला डोळा असलेल्या पोरीला मी अकरा वर्षं बर्फात उभं केलं, हेच डोक्यात घोळत होतं. नोकरीचं विचारलं नाही. ती नोकरी नाकारणार, आणि तिने ती का नाकारली ते मला ठाऊक असणार, हेच आता उरलेल्या आयुष्याचं, असं मी धरून चाललो होतो.

मार्चमध्ये तिचा फोन आला. रविवार होता, आमच्याकडे संध्याकाळ, तिच्याकडे सकाळ. आईशी बोलून झाल्यावर म्हणाली, "बाबांना दे." मी पेपर खाली ठेवला.

"बाबा, मी ती नोकरी घेतली."

"काय सांगतेस! आणि मग जाणार कशी?"

"शिकतेय. महिना झाला. पास झाल्याशिवाय सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवेना. आत्ता तिकडूनच आलेय."

मला इतका आनंद झाला की मी ओरडलोच, आणि बायको आतून धावत आली. मग एकदम काय विचारावं सुचेना. "कोण शिकवतं?" विचारलं.

"एक बाई आहेत. वयस्कर आहेत, तुमच्याएवढ्या असतील. बाजूला बसतात. त्यांच्या पायाशी पण एक ब्रेक असतो, पण त्यांनी अजून एकदाही दाबला नाही." ती हे सगळं उत्साहाने सांगत होती, शाळेतून आल्यावर सांगायची तसं. "पहिल्या दिवशी मी चौकातच रडायला लागले, बाबा. हात सुटेनात. मागे गाड्या उभ्या. त्या म्हणाल्या, काही घाई नाही, आपण थांबू या. आणि थांबल्या. त्या ओरडतच नाहीत, बाबा."

मला टोचावं म्हणून नव्हती म्हणाली ती. तिला नुसतं नवल वाटत होतं.

"बरं झालं," मी म्हणालो. "चांगल्या बाई भेटल्या." आणि फोन तिच्या आईकडे दिला, कारण त्या सीटवर बसलेल्या त्या बाईंचा मला इतका हेवा वाटत होता की पुढे बोलवेना.